गोष्टीची पुस्तके : हसण्याची आणि जिव्हाळ्याची
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



मुलांना कोणती गोष्टीची पुस्तके वाचून दाखवावीत, या विषयावर मी बोलावे अशी केंद्रप्रमुखांची सूचना आहे. विषय गोड आहे. परंतु पुस्तकांची नावे घेण्यापूर्वी कपाटाविषयी बोलणे मला भाग आहे. शाळाभेटीस गेलो की मी प्रथम ते कपाट उघडावयास सांगतो. पुष्कळ ठिकाणी किल्ली शोधावी लागते. किल्ली सापडली तर आतील पुस्तके इतकी कोरी असतात की पाने एकमेकांस चिकटलेली असावीत. जडवस्तुसंग्रह नोंदवहीतील आकडा आणि कपाटातील आकडा तंतोतंत जुळतो, आणि गुरुजींना त्याचा अभिमान वाटतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे सांगताना त्यात गोष्टीची पुस्तके असावीत, असाही स्पष्ट उल्लेख केला आहे. कायदा करणारांस ती मुलांनी वाचावीत असेच अभिप्रेत असणार.

आपल्या शाळेत येणारे मूल गोष्टीला नवखे नसते. समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथील टेकडीवरचे खडे आपण पाहिले असतील. शेख फरीद बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा सारा माल दगड होऊन गेला, ही त्यांची आख्यायिका त्या परिसरातील लहान मूलही सांगते आणि सांगताना खिशातून खडा काढून दाखवते. चिमणी-कावळ्याची गोष्ट तर आपल्या शेजारचीच म्हणावयाची. कावळ्याचे घर शेणाचे व साळईचे घर मेणाचे, ही कथा तेराव्या शतकातील लीळाचरित्रात आली आहे, आणि म्हाइंभटांनी तो ग्रंथ वर्धा नदीच्या पलीकडे, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरास सिद्ध केला. दार न उघडण्याच्या चिमणीच्या एकेक सबबी ऐकून सातशे वर्षे मुले हसत आली आहेत. असे हे मूल शाळेत येते, आणि त्याच्या हाती पहिले छापील पुस्तक पडते ते पाठ्यपुस्तक. त्यातील प्रत्येक पाठाखाली स्वाध्याय असतो. पुस्तक म्हणजे ज्याच्या शेवटी आपली परीक्षा होते ती वस्तू, असा ग्रह त्याने करून घेतला तर त्याचा दोष नाही. ज्यांच्या घरी दुसरे कोणतेही पुस्तक नाही, अशी मुले आपल्या शाळांत थोडी नाहीत. हा ग्रह आपण दूर केला नाही, तर तो दूर करणारे दुसरे कोणी त्यांच्या वाटेवर नाही.

यास्तव माझी पहिली विनंती अशी की, गोष्ट वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नये. ही सवय आपल्याला फार जुन्या काळापासून लागली आहे. तंजावरच्या सरफोजी राजांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इसापच्या कथा मराठीत छापल्या गेल्या, आणि नीतिकथा हाच बालवाङ्मयाचा मुख्य नमुना पुढे दीर्घकाळ राहिला. नीतीला माझा विरोध असण्याचे कारण नाही. पण नुकतेच पोट धरून हसलेल्या मुलाला 'यावरून आपण काय शिकलो?' असे विचारले की त्याचा चेहरा कसा पडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

आता पुस्तकांकडे वळतो. पहिली-दुसरीसाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तके मी सर्वांत आधी सांगेन. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, ही झाली त्यांची सरकारी ओळख. खरी ओळख 'राधाचं घर', यशच्या गोष्टी किंवा 'बाबांच्या मिशा' उघडल्यावर पटते. या पुस्तकांत राक्षस नाही, राजपुत्र नाही. आई, बाबा, आजी आणि घरातील नित्याच्या खटपटी आहेत. 'बाबांच्या मिशा' या पुस्तकातील अनूला आपल्या बाबांच्या मिशा अतिशय आवडतात, आणि एवढ्या भांडवलावर सारी गोष्ट उभी आहे. चित्र दाखविण्याची घाई करू नये. पुस्तक मुलांकडे तोंड करून धरावे, आपण बाजूने वाचावे, आणि पान उलटण्यापूर्वी मनात पाच अंक मोजावेत. मुले चित्रात जे पाहतात ते आपल्या नजरेतून सुटलेले असते.

दुसरे पुस्तक रोहिणी निलेकणी यांचे, शृंगेरी श्रीनिवासाचे. हा गृहस्थ वर्षातून एकदाच केस कापतो, आणि नेमक्या त्या दिवशी न्हाव्यापासून कोणालाच त्याच्यासाठी सवड नसते. बिचारा दारोदार फिरतो. शेवटी त्याची अडचण कोण सोडवतो ते मी सांगणार नाही. आपणही मुलांना आधी सांगू नये. एवढेच म्हणतो की, बोरच्या जंगलालगतच्या शाळांतील मुले या शेवटाला इतरांहून थोडी अधिक दचकतात आणि मग अधिक हसतात.

येथे एक नाजूक गोष्ट बोलली पाहिजे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी साहाय्याची योजना जाहीर केली, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. ती का करावी लागली ते आपणास माहीत आहे. आपल्या काही वर्गांत अशी मुले बसतात की ज्यांच्या घरची गोष्ट कोणत्याही पुस्तकातील गोष्टीहून जड आहे. जिव्हाळ्याचे पुस्तक म्हणून 'बाबांच्या मिशा' उचलले आणि पुढ्यात महिन्यापूर्वी वडील गेलेले मूल असले, तर ते पुस्तक त्या दिवशी कपाटात राहू द्यावे. तीन-चार महिन्यांनी, मूल स्वतः वडिलांविषयी बोलू लागले म्हणजे, ते आपोआप बाहेर येईल. अशा मुलाला गंभीर, उपदेशपर पुस्तके द्यावीत अशी पुष्कळांची समजूत आहे. माझा अनुभव निराळा आहे. एका दोनशिक्षकी शाळेत बाई श्रीनिवासाची गोष्ट वाचत होत्या आणि मी मागे बसलो होतो. असाच एक मुलगा तिसऱ्या-चौथ्या पानावर एकाएकी मोठ्याने हसला आणि तत्क्षणी गप्प झाला. आपण हसलो हे बरे केले की नाही, अशा नजरेने त्याने आजूबाजूला पाहिले. बाईंनी पुस्तक खाली घेतले आणि त्या स्वतः खळखळून हसल्या. मग सारा वर्ग हसला, आणि त्या गर्दीत तो मुलगाही पुन्हा हसला. बाईंनी त्याला काहीही विचारले नाही. त्या दिवशीच्या शेरेवहीत मी काय लिहिले ते आता आठवत नाही. हा प्रसंग मात्र तिच्यात लिहिण्याजोगा रकाना नव्हता.

तिसरी-चौथीसाठी साने गुरुजी. 'श्यामची आई' गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. हे पुस्तक आपण मुलांना रडविण्यासाठीच वापरतो, असे मला अनेकदा दिसले आहे. जयंतीच्या दिवशी कंठ दाटून आणून शेवटचा भाग वाचावयाचा, आणि उरलेल्या रात्री बंद ठेवावयाच्या. या पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत आणि त्यांत हसण्याच्या जागा पुष्कळ आहेत. पोहायला जावे लागू नये म्हणून लपून बसलेला श्याम आणि हातात शिंपटी घेऊन निघालेली त्याची आई, हा प्रसंग मुलांसमोर वाचून पाहा. विहिरीच्या काठावर थरथरणारे मूल प्रत्येक गावात आहे. 'अळणी भाजी' घ्या. भाजीत मीठ घालण्याचे आई विसरली, आणि ती भाजी घरची माणसे काहीही न बोलता खातात. प्रथम मुले हसतात. मग एखादे विचारते की, कोणी सांगितले का नाही? या प्रश्नाचे उत्तर आपण देऊ नये. दुसऱ्या मुलाला देऊ द्यावे. कोकणातील नारळी-पोफळी आमच्या मुलांना परक्या वाटतील अशी शंका एकाने घेतली होती. पण गरिबी, गाय आणि आईचा धाक यांना भाषांतर लागत नाही.

पाचवी ते सातवीच्या मुलांना लांब पुस्तक रोज थोडे थोडे वाचून दाखवावे. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' त्यासाठी उत्तम. पोरका पण हजरजबाबी असा हा मुलगा मुलांना चटकन आपला वाटतो. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' तर वाचणाराला थांबू देत नाही. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो आणि संकटात आपणहून उडी घेतो. खेड्यातून शहराच्या शाळेत गेलेला हा किडकिडीत मुलगा आमच्या मुलांना आवडावा यात नवल नाही. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव मला स्वतःला फार प्रिय आहेत, परंतु त्यांच्या विनोदाला जुन्या पुण्याच्या घरांची ओळख लागते. आमच्या मुलांपुढे तो निवडूनच वाचावा लागतो.

आर्वीकडील एका शाळेत कापूस वेचणीच्या दिवसांत गुरुजींनी शेवटच्या तासाला फास्टर फेणेचे एकेक प्रकरण वाचण्याचा क्रम ठेवला होता. त्यामुळे उपस्थिती वाढली असा दावा मी करीत नाही. वेचणीला गेलेली मुले वेचणीलाच गेली. मात्र एक मुलगी दुपारनंतर शेतातून थेट वर्गाच्या दाराशी येई. कमरेची ओटी तशीच बांधलेली, ओटीत थोडा कापूस. आत येऊन बसे आणि विचारी, "सर, मंग काय झालं?" गुरुजींनी तिला उशिराबद्दल एकदाही बोलून दाखवले नाही. त्यांनी फक्त आदल्या दिवशीचे दोन परिच्छेद पुन्हा वाचले.

तिच्या 'मंग' या शब्दावरून भाषेची गोष्ट निघते. पुस्तक छापले आहे तसेच वाचावे. लेखकाचे शब्द आपण बदलू नयेत. पण मुलांनी ती गोष्ट परत सांगताना 'मले', 'तुले', 'काऊन' म्हटले तर ते सुधारू नये. श्रीनिवासाची फजिती आमच्या मुलांच्या वऱ्हाडी वळणाच्या बोलीत ऐका; छापील गोष्टीहून ती दुप्पट विनोदी होते. प्रमाण भाषा शिकविण्यास आपल्याजवळ सात वर्षे आहेत. गोष्टीच्या तासाला ती थोडी बाहेर थांबली तर बिघडत नाही.

एक पुस्तक मी मुलांसाठी सांगत नाही, आपल्यासाठी सांगतो. तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेचे १९८१ सालचे 'तोत्तोचान' चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणले आहे. एका शाळेतून काढून टाकलेली ही मुलगी तोमोई नावाच्या शाळेत येते. तेथे वर्ग भरतात आगगाडीच्या डब्यांत, आणि मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिचे बोलणे ती थांबेपर्यंत, कित्येक तास, ऐकून घेतात. हे वाचताना मला सेवाग्राम आठवते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम जन्मास आली. ती म्हणजे केवळ टकळी, असा समज आजही आढळतो. परंतु डॉ. झाकीर हुसेन समितीच्या अभ्यासक्रमात लहान वर्गांना आदिमानवाचे व प्राचीन काळचे जीवन गोष्टींच्या रूपाने सांगावे, असे सुचविले होते. आणि सेवाग्रामचे ते कार्य उभे करणारे आशादेवी व आर्यनायकम् हे दांपत्य रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनातून आलेले होते. गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न' मधील शिक्षकही दंगेखोर चौथीचा वर्ग ताब्यात आणतो तो गोष्टी सांगूनच. ही परंपरा आपल्या अंगणातली आहे.

पुस्तके कोठून आणावीत, हा प्रश्न आपण विचारालच. १९५२ पासून मराठीत निघणारा 'चांदोबा' आता बंद पडला आहे. मात्र बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून चालू आहे, आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तके फुकट मिळतात व छापूनही घेता येतात. मोबाईलवर दाखविण्यापेक्षा आठ-दहा पाने छापून शिवावीत असे माझे मत आहे. मोबाईलचा पडदा वीस मुलांना पुरत नाही, आणि मधेच कोणाचा तरी फोन येतो.

राहिला नोंदवहीचा प्रश्न. मुलांच्या हाती दिलेले पुस्तक फाटणार, त्याला वरणाचे डाग पडणार, एखादे घरी जाऊन परत येणार नाही. देवघेवीची साधी वही ठेवावी, तीही मुलांकडूनच लिहून घ्यावी, आणि जीर्ण पुस्तके रीतीप्रमाणे निर्लेखनास ठेवावीत. माझ्या भेटीत फाटलेले पुस्तक आढळले तर मी त्याविषयी खुलासा मागणार नाही. कोरे आढळले तर मात्र मागेन. पुढील महिन्याच्या परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपल्या कपाटातील सर्वांत अधिक फाटलेले गोष्टीचे पुस्तक सोबत आणावे. ते कोणी कोणी वाचले आणि कसे फाटले, हे आपण चहापूर्वी ऐकू.