विंचेस्टरचे संगीत आणि पार्करची अट



केंब्रिज येथील कॉर्पस ख्रिस्ती महाविद्यालयाच्या पार्कर ग्रंथालयात 473 क्रमांकाचे एक लहानसे चर्मपत्री हस्तलिखित आहे. ‘विंचेस्टर ट्रोपर’ या नावाने ओळखली जाणारी ही पोथी अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात विंचेस्टरच्या ‘ओल्ड मिन्स्टर’ या मठातील गायकांसाठी लिहिली गेली. तीत दीडशेहून अधिक ‘ऑर्गानम’ आहेत. ऑर्गानम म्हणजे मूळ प्रार्थनागीत चालू असताना त्याच्या जोडीने गावयाची दुसरी स्वरावली. अशा बहुस्वर गायनाचा, प्रत्यक्ष वापरासाठी लिहिलेला, इतका जुना आणि मोठा संग्रह दुसरा उपलब्ध नाही.

मात्र ही पोथी सरळ वाचता येत नाही. शब्दांवर काढलेली ‘न्यूम’ ही बारीक चिन्हे स्वर चढतो की उतरतो, एका अक्षरावर किती स्वर घ्यावयाचे, एवढेच सांगतात. नेमका स्वर कोणता, हे सांगत नाहीत. आडव्या रेषांवर स्वर मांडण्याची ग्विदो दारेत्सो याची पद्धत सुमारे त्याच काळात इटलीत पुढे आली. विंचेस्टरच्या लेखनिकाला तिची उणीव भासलीही नसेल, कारण त्याच्या वाचकांना चाली मुखोद्गत होत्या. दुसरी स्वरावली तर त्याने स्वतंत्र विभागातच लिहिली. गुरुमुखातून बंदिश शिकलेल्या शिष्याचे त्रोटक टिपण परक्याच्या हाती पडावे, तशी आजच्या अभ्यासकाची स्थिती होते. रेषांवर लिहिलेल्या उत्तरकालीन पोथ्यांतून मूळ चाल शोधायची, तिच्याशी न्यूम ताडायचे आणि तत्कालीन शास्त्रग्रंथांतील नियम लावून दुसरा स्वर ठरवायचा, असे हे काम आहे. त्यात मतभेद राहतातच.

आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत 1536 ते 1540 या काळात इंग्लंडमधील मठ बंद झाले व त्यांचे ग्रंथ विखुरले. अनेक पोथ्यांची पाने नव्या पुस्तकांच्या बांधणीत गेली. पुढे कँटरबरीचे आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांनी जुने ग्रंथ जमविले. 1568 मध्ये त्यासाठी त्यांना प्रिव्ही कौन्सिलचे अधिकारपत्रही मिळाले. त्यांचा मुख्य हेतू इंग्लंडच्या चर्चचा प्राचीन इतिहास सिद्ध करण्याचा होता, संगीतरक्षणाचा नव्हे. चारशेहून अधिक हस्तलिखिते त्यांनी महाविद्यालयाला दिली, पण अट घालून. गॉन्व्हिल अँड कीज आणि ट्रिनिटी हॉल या महाविद्यालयांनी दरवर्षी तपासणी करावी; निष्काळजीपणामुळे ठरावीक संख्येहून अधिक ग्रंथ गहाळ झाल्यास संग्रह कीजकडे, तेथेही तसेच घडल्यास ट्रिनिटी हॉलकडे जावा. तपासणाऱ्यालाच संग्रह मिळण्याची आशा! इतका दक्ष लेखापरीक्षक नेमणे शासनालाही क्वचितच साधते. संग्रह कॉर्पस ख्रिस्तीमध्येच राहिला.

2007 मध्ये सुसान रँकिन यांच्या संपादनाखाली पोथीची छायाप्रत-आवृत्ती निघाली. जानेवारी 2018 पासून तिची पाने संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात.