भ्रमणध्वनीचे बदलते जाळे आणि हातातील फोन

(ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



गावात मोबाइलचा टॉवर उभा राहिला की संपर्काचा प्रश्न सुटला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. टॉवरवाचून काही होणार नाही, हे तर खरेच. परंतु टॉवर सुरू आहे, सिमकार्ड चालू आहे, पैसेही भरलेले आहेत आणि तरी फोन लागत नाही, अशी तक्रार आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. अशा वेळी “रेंज नाही” एवढे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. वस्तुतः अशा पुष्कळ तक्रारींचे मूळ टॉवरमध्ये नसून हातातील फोनमध्ये, त्यातील एखाद्या कधीही न उघडलेल्या सेटिंगमध्ये असते. त्याच सेटिंग्जविषयी आज मी बोलणार आहे.

हा विषय केवळ सोयीचा राहिलेला नाही. शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या अॅपवर करावी लागते. अंगणवाडी सेविकेची नोंदवही आता पोषण ट्रॅकरमध्ये आहे. अनेक शासकीय योजनांत आधारशी जोडलेल्या क्रमांकावर ओटीपी आल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. अपघात, आग वा हल्ला अशा प्रसंगी ११२ हा क्रमांक फिरवावा लागतो. फोन मुका झाला तर या सर्व वाटा एकदम बंद होतात, आणि त्याची झळ प्रथम जुना फोन वापरणाऱ्या गरीब कुटुंबाला बसते.

जाळे कसे बदलत गेले

भारतातील भ्रमणध्वनीचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला होता. त्या काळचे जाळे मुख्यतः बोलण्यासाठी होते. त्यानंतर थ्रीजी, फोरजी अशा पिढ्या आल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने केवळ फोरजीवर चालणारी सेवा सुरू केली. २०१९ पासून एअरटेलने आपले थ्रीजी जाळे टप्प्याटप्प्याने बंद करण्यास प्रारंभ केला. १ ऑक्टोबर २०२२ रोजी फाइव्हजीचा शुभारंभ झाला, तर २७ सप्टेंबर २०२५ रोजी भारत संचार निगमच्या स्वदेशी फोरजी जाळ्याचे उद्घाटन झाले.

नवी पिढी आली की जुनी का बंद करतात, असा प्रश्न साहजिकच पडतो. ज्या लहरींवर हा सारा व्यवहार चालतो त्या मर्यादित आहेत. जमीन तेवढीच असताना कमी उत्पन्नाचे पीक काढून तेथे अधिक उत्पन्नाचे पीक घ्यावे, तसाच हा प्रकार आहे. त्याच लहरींवर फोरजी अथवा फाइव्हजी चालविल्यास कितीतरी अधिक लोकांना सेवा देता येते. म्हणून हा बदल अटळ आहे. मात्र जाळे कंपनीच्या निर्णयाने बदलते आणि गावातील फोन त्याबरोबर आपोआप बदलतोच असे नाही.

फोन जाळ्याला कसा ओळखतो

फोन सुरू होताच तो प्रथम सिमकार्डावरील अंक वाचतो. त्यातील पहिले तीन अंक देशाचे असतात. भारतासाठी ४०४ आणि ४०५ हे अंक ठरलेले आहेत. पुढील अंकांवरून कंपनी आणि तिचे सेवाक्षेत्र कळते. मुंबई हे एक सेवाक्षेत्र आणि गोव्यासह उर्वरित महाराष्ट्र हे दुसरे, अशी आपल्याकडील विभागणी आहे. कंपनी कळली की तिच्यासाठी नेमून दिलेल्या सेटिंग्जचा संच फोन लागू करतो. कोणती पिढी वापरावयाची, बोलणे कोणत्या मार्गाने न्यावयाचे, इंटरनेटचे दार कोणते, हे त्या संचात लिहिलेले असते. हा संच ग्राहकाला सहसा दिसत नाही. तो सॉफ्टवेअरच्या अपडेटबरोबर बदलत जातो.

याचे ठळक उदाहरण २०२२ सालचे आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये फाइव्हजीचे टॉवर सुरू झाले. त्या क्षमतेचे आयफोन लोकांच्या खिशात आधीपासून होते. तरीही डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीचे अपडेट येईपर्यंत भारतातील सर्वसामान्य ग्राहकांना त्यांवर फाइव्हजी मिळाले नाही. टॉवर तयार, यंत्र तयार, अडले होते ते केवळ एका परवानगीवाचून.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर असून ते ऑस्ट्रेलियाचे आहे. तेथील टेलस्ट्रा आणि ऑप्टस या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून थ्रीजी जाळे बंद करण्यास सुरुवात केली. त्यापूर्वी असे आढळून आले की, काही फोन नेहमीचे बोलणे फोरजीवरून करीत असले तरी ०००, म्हणजे तेथील आपत्कालीन क्रमांक, फिरविताच आतील सेटिंगप्रमाणे ते थ्रीजीकडे वळत. रोजच्या वापरात हा दोष दिसून येण्याचे कारणच नव्हते. थ्रीजी बंद झाल्यावर असा फोन नेमका संकटाच्या वेळी निरुपयोगी ठरला असता. म्हणून असे फोन जाळ्यावर चालूच देऊ नयेत, असा आदेश तेथील शासनाला काढावा लागला. जाळ्यातील बदल हा कंपनी आणि ग्राहक यांच्यापुरता खाजगी मामला नाही, तो लोकसुरक्षेचा प्रश्न आहे, हा बोध आपण यातून घ्यावयास हवा.

फोनमध्ये काय पाहावे

पुढील गोष्टी पाहण्यासाठी तंत्रज्ञ असण्याची आवश्यकता नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये “मोबाइल नेटवर्क” अथवा “सिम” या शीर्षकाखाली त्या मिळतात.

पहिली गोष्ट नेटवर्कच्या प्रकाराची. कोणीतरी बॅटरी वाचविण्यासाठी फोन केवळ टूजीवर ठेवलेला असतो, तर कोणी वेगासाठी तो वरच्या पिढीला बांधून टाकलेला असतो. आपला फोन पेलू शकेल ती सर्वांत वरची पिढी आणि तिच्यासोबत “ऑटो” असा पर्याय निवडावा, म्हणजे एक जाळे क्षीण झाल्यास फोन दुसऱ्यावर जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट व्हीओएलटीईची, जिला लोक “व्होल्टी” म्हणतात. फोरजी मुळात डेटासाठी रचले गेले. त्यावरून बोलण्याची सोय म्हणजे व्होल्टी. ती बंद असेल तर बोलण्यासाठी फोनला टूजी वा थ्रीजीवर उतरावे लागते, आणि ज्या कंपनीकडे ती जुनी जाळीच नाहीत तेथे फोन लागतच नाही. हे तपासण्याची सोपी रीत अशी: फोरजी असलेल्या जागी एखाद्या परिचिताला फोन लावावा आणि बोलणे चालू असताना पडद्यावरील खूण पाहावी. खूण फोरजीचीच राहिली तर सर्व ठीक आहे; ती टूजीवर घसरली तर व्होल्टी चालू नाही असे समजावे. या तपासणीसाठी ११२ मात्र फिरवू नये.

तिसरी गोष्ट जाळ्याच्या निवडीची. ही निवड “ऑटोमॅटिक” असावी. जानेवारी २०२५ पासून शासनाच्या डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या टॉवरांवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या फोरजी टॉवरची सेवा मिळण्याची योजना सुरू झाली आहे. दुर्गम गावांसाठी ती मोलाची आहे. परंतु हाताने एकच कंपनी निवडून ठेवलेला फोन शेजारच्या टॉवरकडे वळण्याऐवजी तिचाच शोध घेत राहतो.

चौथी गोष्ट इंटरनेटच्या दाराची, ज्याला एपीएन म्हणतात. बोलणे होते पण इंटरनेट चालत नाही, अशी तक्रार असेल तर एपीएन मूळ स्थितीत आणण्याचा पर्याय वापरून पाहावा. सिम दुसऱ्या कंपनीचे घेतल्यावर हा दोष विशेष आढळतो.

पाचवी गोष्ट अपडेटची आणि सिमची. अपडेट आल्याची सूचना महिनोन्महिने पुढे ढकलू नये. ते करून फोन एकदा बंद करून सुरू करावा. भारत संचार निगमचे जुने टूजी-थ्रीजी सिम असल्यास ते बदलून फोरजीचे घ्यावे लागते, अन्यथा टॉवर नवा असूनही लाभ मिळत नाही.

यांखेरीज दोन सोयी जाणून घेण्यासारख्या आहेत. ज्या शाळेत वा पंचायत कार्यालयात रेंज नाही पण फायबरचे इंटरनेट आहे, तेथे “वायफाय कॉलिंग” चालू केल्यास, कंपनी आणि फोन यांत ती सोय असल्यास, नेहमीच्या क्रमांकावरून बोलता येते. तसेच आपत्तीचे इशारे एकाच वेळी सर्व फोनवर पाठविण्याच्या चाचण्या आपल्या देशात २०२३ मध्ये झाल्या. असे इशारे मिळावेत यासाठी फोनमधील आपत्कालीन सूचनांचा पर्याय चालू असणे अगत्याचे आहे. पूररेषेजवळच्या आणि दरडप्रवण गावांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

संकेतांच्या बाबतीत सावधगिरी

फोनमध्ये काही संकेत दडलेले असतात. *#०६# दाबल्यास फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो लिहून ठेवावा, फोन हरवल्यास तो बंद करविण्यासाठी लागतो. पण सगळेच संकेत असे निरुपद्रवी नाहीत. “तुमचे सिम बंद होणार आहे, आम्ही सांगतो तो संकेत दाबा,” असे सांगून लोकांचे येणारे फोन आपल्याकडे वळवून घेणारे ठग आहेत. फोन वळला की फोनवरून सांगितला जाणारा ओटीपीही त्यांच्या हाती पडतो. याच कारणाने दूरसंचार विभागाच्या आदेशान्वये *४०१# या संकेताने फोन वळविण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून स्थगित करण्यात आली. तेव्हा नियम साधा ठेवावा: सेटिंग आपण आपल्या हाताने, समजून उमजून बदलावी, अनोळखी माणसाने फोनवर सांगितलेला संकेत कदापि दाबू नये. फोन वळविला गेल्याचा संशय आल्यास ##००२# हा संकेत सर्व वळणे रद्द करण्यासाठी आहे.

आपले कर्तव्य

आता प्रश्न उरतो तो आपण काय करावयाचे हा. गावात कोणत्या कंपनीचा टॉवर कोणत्या पिढीचा आहे आणि किती कुटुंबे अजून साध्या बटणांच्या फोनवर अवलंबून आहेत, याची नोंद पंचायतीने ठेवावी. एखादी कंपनी जुने जाळे बंद करणार असल्याचे समजताच ते ग्रामसभेत सांगावे आणि फलकावर लावावे, म्हणजे एकटी राहणारी वृद्ध माणसे त्या दिवशी अंधारात राहणार नाहीत. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना वर सांगितलेल्या पाच गोष्टी शिकवाव्यात आणि घरातील वडीलधाऱ्यांचे फोन त्यांच्या समक्ष तपासण्यास सांगावे. अधिकाऱ्यांनी एखाद्याला ओटीपी आला नाही म्हणून त्याचा अर्ज बाजूला ठेवण्यापूर्वी त्याच्या फोनकडे एकदा पाहावे. एवढे करूनही दोष राहिला तर तो टॉवरचा आहे असे धरून कंपनीकडे तक्रार नोंदवावी, तिचा क्रमांक घ्यावा, आणि समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागावी. फोन तपासून केलेली तक्रार सहजासहजी टोलविता येत नाही.

टॉवर उभारण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च होतो आणि तो व्हावयासच हवा. परंतु त्या टॉवरचा लाभ शेवटच्या घरापर्यंत पोहोचविण्याचे उरलेले काम पाच मिनिटांचे आहे, आणि ते करणारा माणूस गावातच असावा लागतो. तो आपल्यापैकी प्रत्येकाने व्हावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.