दुष्काळ आणि जमिनीचे भांडवल
(बेलापूर येथील दुष्काळ निवारण समितीच्या वार्षिक सभेत झालेले भाषण)



समितीचा जमाखर्च चिटणिसांनी आताच आपल्यापुढे वाचून दाखविला. धान्यवाटप व पिण्याचे पाणी या कामी आपण सढळ हाताने जे साहाय्य केले, त्याबद्दल समिती आपली ऋणी आहे. परंतु दुष्काळात एक नुकसान असे होते की, त्याचे खाते कोणाच्याच वहीत नसते. ते म्हणजे जमिनीच्या कसाचे नुकसान. त्याविषयी दोन शब्द बोलावे, अशी माझी इच्छा आहे.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने हा मुलूख होरपळून निघाला. १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे खुली झाली, जिच्या एका स्टेशनास आपल्याच गावाचे नाव पडले. पुढे १९७२ च्या दुष्काळात बाहेरचे धान्य व सरकारी कामांवरील मजुरी यांच्या आधाराने लक्षावधी माणसे तगली. धान्य आगगाडीने आणता येते. जमिनीचा कस तसा आणता येत नाही.

हा कस मुख्यतः कर्ब, नत्र व स्फुरद या तीन द्रव्यांवर अवलंबून आहे. पैकी कर्ब व नत्र जमिनीत येतात ते सजीवांच्या द्वारे: पालापाचोळा, शेण, तूर-हरभऱ्याच्या मुळांवरील गाठी, आणि मातीतील सूक्ष्म जंतू. या साऱ्यांना ओल हवी. स्फुरद मात्र बव्हंशी खडक झिजून मिळतो. २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात १६ देशांतील २२४ कोरडवाहू ठिकाणांच्या मातीची पाहणी प्रसिद्ध झाली. जसजसा प्रदेश अधिक शुष्क, तसतसे कर्ब व नत्र कमी आणि स्फुरद अधिक, असे तीत आढळले. व्यापारी मंडळींस हे समजाविण्याची गरज नाही. तीन भागीदारांपैकी दोघे भांडवल काढून घेऊ लागले, तर तिसऱ्याची शिल्लक फुगलेली दिसली म्हणून पेढी चालत नाही.

आता हवामानच पालटत आहे. १९०१ ते २०१८ या काळात आपल्या देशाचे सरासरी उष्णतामान सुमारे ०.७ अंशाने वाढले; आणि १९५० ते २०१५ या अवधीत मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिपटीवर गेले. म्हणजे उघडीप लांबते आणि पाऊस येतो तो कोसळतो. तापलेल्या, सुकलेल्या रानावर पहिले पाणी पडताच मातीतील जंतू एकदम जागे होतात व नत्र मोकळे होते; परंतु ते शोषून घेण्यास पिकाची मुळे अद्याप तयार नसतात. पुढचाच लोंढा ते नत्र व वरची माती नदीस मिळवितो.

त्यात माणसाच्या नाइलाजाची भर पडते. वैरण संपली की जनावरे बाजारात जातात व शेणखताचा मार्ग खुंटतो. उरलेल्या शेणाच्या गोवऱ्या चुलीत जातात. कर्ब व नत्र धुरावाटे निघून जातात, स्फुरद तेवढा राखेत राहतो. पुढील वर्षी पाऊस बरा झाला तरी रान पूर्वीसारखे पिकत नाही, आणि कुणबी पुन्हा कर्जाच्या दारी उभा राहतो. वकिलीच्या व्यवसायात जमिनीची खरेदीखते लिहून देण्यास आलेली अशी माणसे मी पाहिली आहेत. दुष्काळ सरला असे आपण मानतो, तेव्हा त्यांचा दुष्काळ सरलेला नसतो.

यावर उपाय नाही असे नाही. आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने १९९० नंतर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली, डोंगरउतारावर चर व बांध घातले, आणि उपलब्ध पाणी मोजून मग पिके ठरविण्याचा प्रघात पाडला. तेथे गवत वाढले, गवताबरोबर दूध वाढले. आणि जेथे दुभते आहे तेथे शेणखतही आहे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. प्रवरेच्या कालव्यावरील बागाईतदारांनी उसाचे वाढे अवर्षणाच्या गावांस द्यावे, आणि पाचट न जाळता कुजवावे. जमीनदारांनी बटईच्या बोलीत शेणखत व बांधबंदिस्ती यांचा खर्च आपल्याकडे घ्यावा. कायद्याच्या धास्तीने आपण लांब मुदतीचा करार करीत नाही, हे मी जाणतो. परंतु पुढल्या साली रान आपल्याकडे राहील की नाही याची ज्याला शाश्वती नाही, तो त्यात खत कशासाठी घालील? खताचा गुण तर दोन-तीन वर्षे उतरत असतो.

तिसरी विनंती व्यापारी बंधूंस. समितीच्या निधीचा तिसरा हिस्सा वैरण व छावणी यांकरिता राखून ठेवावा, आणि छावणीत साठणारे शेण विकून न टाकता ज्याच्या त्याच्या जनावरांच्या हिशेबाने त्याच्या शेतात पोचते करावे, असा ठराव मी सभेपुढे मांडतो. धान्यवाटपाचा फोटो निघतो, शेणाच्या गाडीचा निघत नाही, अशी कुरकुर माझ्या कानी आली आहे. कुरकुर खरी आहे. तथापि छावणीत जगविलेली बैलजोडी पुढल्या मृगात ज्याच्या दारी उभी असेल, त्यास पुन्हा आपल्यापुढे हात पसरण्याची वेळ कदाचित येणार नाही.

वर्गणीची यादी चिटणिसांजवळ आहे. ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे आकडा घालावा, एवढे विनवून मी आपली रजा घेतो.