दाताचा गर आणि चेताऊतीची पुनर्बांधणी

पैठण रस्त्यावरील बिडकीन येथे भरलेल्या या दंतवैद्यक परिषदेच्या अध्यक्षीय विवेचनाचा विषय दाताच्या गरातील मूलपेशी हा आहे. दुखावलेली चेताऊती त्यांच्या साहाय्याने पुन्हा उभी करता येईल काय, या प्रश्नाचा दंतवैद्याच्या रोजच्या कामाशी जवळचा संबंध आहे, कारण काढलेली जी अक्कलदाढ पिवळ्या पिशवीत टाकली जाते, तिच्याच पोटात या संशोधनाची सामग्री असते.

जी पेशी स्वतःसारख्या नव्या पेशी घडवते आणि योग्य संकेत मिळताच निराळ्या प्रकारच्या पेशींतही रूपांतरित होते, तिला मूलपेशी म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी 2000 साली अक्कलदाढेच्या गरातून, म्हणजे पल्पमधून, अशा पेशी वेगळ्या केल्या आणि 2003 साली मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतही त्या दाखवून दिल्या. एका दुधाच्या दातातून वसाहत करू शकणाऱ्या पेशी मिळाल्या त्या सुमारे 12 ते 20 एवढ्याच, परंतु त्यांची वाढण्याची शक्ती मोठी होती.

या पेशींचा चेतासंस्थेशी असलेला संबंध गर्भावस्थेतला आहे. गर्भाच्या पाठीकडील चेतानलिकेच्या कडेवरून निघणाऱ्या पेशींच्या समूहाला चेताशिखा म्हणतात. त्यातील काही पेशी चेहऱ्याकडे सरकून दाताचा गर घडवतात, तर काहींपासून मेंदू व मेरुरज्जूबाहेरच्या अनेक चेता तयार होतात. जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी 2012 साली मेरुरज्जू पूर्ण छेदलेल्या उंदरांत या पेशी रोपल्या, तेव्हा मागच्या पायांची हालचाल लक्षणीय सुधारली. त्याची कारणमीमांसा महत्त्वाची आहे: इजेनंतर होणारा चेतापेशींचा मृत्यू रोखला गेला, अक्षतंतूंची वाढ अडवणाऱ्या रेणूंचा प्रभाव कमी झाला आणि काही रोपित पेशी तंतूंभोवती मायेलिनचे वेष्टन घालणाऱ्या पेशींत बदलल्या. म्हणजे या पेशी हरवलेल्या चेतापेशीची जागा घेण्यापेक्षा, उरलेल्या चेतापेशींना जगवण्याचे काम अधिक करतात. प्रस्तुत वक्त्याच्या मते या विषयावरील लोकप्रिय लेखनात हीच गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते.

मराठी वाचकाला अभिमान वाटावा असे काम याच क्षेत्रात झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात दीर्घकाळ संशोधन केलेले डॉ. रमेश भोंडे पुढे बंगळुरूला गेले आणि त्यांच्या सहभागाने तेथे झालेल्या अभ्यासांपैकी 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निम्हान्स या मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेतील संशोधकांसह, मध्यमेंदूच्या जडणघडणीत काम करणारे रासायनिक संकेत देऊन दाताच्या गरातील पेशींना डोपामिन स्रवणाऱ्या चेतापेशींचे रूप देण्यात आले. पार्किन्सन या कंपवाताच्या विकारात नेमक्या अशाच पेशी नष्ट होतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रयोगाचे मोल कळते.

माणसातील पुरावा मात्र अजून तोकडा आहे. चीनमध्ये 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मार लागून गर मेलेल्या मुलांच्या कायमच्या दातांत त्यांच्याच दुधाच्या दातातील पेशी रोपल्यावर रक्तवाहिन्या व संवेदी चेतांसह नवा गर तयार झाला. दाताला संवेदना परत आली, हे यश खरेच, पण दाताच्या पोकळीतली चेता आणि छेदलेला मेरुरज्जू यांत फार अंतर आहे. ते अंतर विज्ञानाने ओलांडण्याआधी मूलपेशींची साठवणूक व उपचार विकणाऱ्या बाजाराने ओलांडले, ही चिंतेची बाब होय. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा साठवणुकीची परवानगी केवळ नाळेतील रक्तापुरती आहे, दाताच्या गराला ती नाही. आणि रक्ताच्या काही विकारांवरील मूलपेशी प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा उपचार नियंत्रित चाचणीबाहेर करणे अनैतिक ठरते. अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठी शेत गहाण टाकण्याच्या तयारीत असलेल्या बापाला हे स्पष्टपणे सांगणे हे दंतवैद्याचे काम आहे.

आणखी एक काम त्याच्या हाती आहे. गर जिवंत असलेली अक्कलदाढ काढताना, रुग्णाची लेखी संमती आणि नैतिकता समितीची मान्यता घेऊन, ती निर्जंतुक पोषक द्रवात थंड ठेवून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयातील संशोधनापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था या परिषदेने उभी करावी. तशी विनंती महाविद्यालयाला करण्याचा ठराव आजच मांडला जावा, असे या स्थानावरून सुचवण्यात येत आहे.