पोट भरलं, हे डोक्याला कोण सांगतं?

नुसत्या भाकरीने भूक लवकर परत लागते. सोबत शेंगदाण्याची चटणी असली की बराच वेळ निघतो. असं का होतं, ते आज पाहू.

भूक पोटात लागते असं आपण म्हणतो, पण तिचा हिशेब मेंदू ठेवतो. त्याला निरोप देतात हार्मोन, म्हणजे शरीरात तयार होणारे रस. पोट रिकामं झालं की 'घ्रेलिन' सांगतं, खायला द्या. जेवणातलं तेल-तूप आतड्यात पोचलं की 'सीसीके' सुटतं. ते पोटाला म्हणतं, सावकाश रिकामं हो. आणि मेंदूला म्हणतं, आता पुरे. हा निरोप पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. म्हणून घाईने गिळू नका. सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईनेही निवांत बसून जेवावं.

तिसरं हार्मोन 'लेप्टिन'. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी 1994 साली ते शोधलं. ते अंगातल्या चरबीतून निघतं आणि साठा किती आहे ते मेंदूला कळवतं. उंदरांना बरेच दिवस फार चरबीचं खाणं दिलं, तेव्हा त्यांचा मेंदू हा निरोप ऐकेनासा झाला. साठा भरलेला, तरी खाणं चालूच!

मग तेल बंद करायचं का? नाही. आपल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कमी वजनाची लेकरं आहेत. लहानग्याचं पोट केवढंसं! सहा महिन्यांवरच्या बाळाच्या मऊ खिचडीत चहाचा एक चमचा तेल घातलं, तर घास न वाढवता सुमारे चाळीस कॅलरी वाढतात. 'अ' जीवनसत्त्व अंगी लागायलाही तेल लागतं.

पण तळलेल्या खाऊच्या पाकिटातही तेलच असतं. जेवणाआधी ते दिलं की 'पुरे'चा निरोप जातो, भूक मरते, आणि डाळ, भाजी, अंडं ताटातच राहतं. पोट भरतं, लेकरू उपाशीच.

मोठ्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिवसाला साधारण 27 ग्रॅम तेल-तूप सांगितलं आहे, म्हणजे चहाचे सहा चमचे. पाच मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला चार किलो पुरे.

तर गटाच्या पुढच्या बैठकीला हिशेब मांडा: महिन्याला तेल किती आणलं, आणि पाकिटांवर किती पैसे गेले. त्या पैशात किती अंडी, किती शेंगदाणे आले असते, तेही मोजा.