बालकांच्या मेंदूचे सुस्पष्ट प्रतिमांकन



लहान मुलाचे साधे छायाचित्र काढावयाचे तरी किती आर्जवे करावी लागतात, हे आपण सर्वजण जाणता. एम.आर.आय. यंत्रात तर मुलाने कानठळ्या बसविणाऱ्या आवाजात कित्येक मिनिटे निश्चल पडून राहावे, अशी अपेक्षा असते.

या यंत्रात क्ष-किरण वापरीत नाहीत. प्रबळ चुंबक व रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातील पाण्याकडून संकेत मिळविण्यात येतो. त्यातील विसरण-प्रतिमांकन ही पद्धती पाण्याच्या रेणूंचे सरकणे मोजते. तिचे तत्त्व स्टेजस्काल व टॅनर यांनी १९६५ साली मांडले. मेंदूसाठी तिचा उपयोग फ्रान्समध्ये डेनिस ल बिहान यांनी १९८६ च्या सुमारास करून दाखविला. सरीत सोडलेले पाणी जसे सरीच्याच दिशेने धावते, तसे मेंदूतील पाणी चेतातंतूंच्या लांबीने सहज सरकते, आडवे मात्र अडखळते. त्यावरून तंतूंचे मार्ग कळतात.

जन्मसमयी प्राणवायू कमी पडलेल्या बाळाच्या मेंदूस झालेली इजा या प्रतिमेत पहिल्या काही दिवसांतच दिसते. परंतु सुमारे आठवड्यानंतर तीच जागा वरकरणी पूर्ववत भासू लागते. म्हणजे बिघडलेली प्रतिमा पुढच्या आठवड्यात पुन्हा काढू, असे म्हणण्याची सोय येथे नेहमी नसते.

मुख्य अडचण मोजमापाच्या सूक्ष्मतेत आहे. शरीराच्या तापमानात पाण्याचा मोकळा रेणू ५० सहस्रांश सेकंदात सरासरी १७ सहस्रांश मिलिमीटर सरकतो. यंत्र हे अंतर टिपू पाहते आणि बालक तर मान हलविताना कित्येक मिलिमीटर हलते! अशा वेळी प्रतिमेचे काही थर काळवंडतात व दिशांची गणिते चुकतात. अमेरिकेतील अनास्तासिया येंदिकी व सहकाऱ्यांनी २०१४ साली स्वमग्न व अन्य मुलांच्या प्रतिमा तपासून दाखविले की, दोन गटांतील हालचालीच्या फरकामुळेच त्यांच्या चेतातंतूंत नसलेला भेद दिसू शकतो. चुळबुळ्या मुलाच्या माथी नसता दोष मारला जाण्याचा हा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो.

यावर लंडन येथील नवजात मेंदूंच्या प्रकल्पात योजलेले उपाय अभ्यसनीय आहेत. तेथे गुंगीचे औषध न देता बाळास दूध पाजून, कान झाकून, गुंडाळून निजविण्यात येई. (आपल्याकडील कोणतीही आजी याहून वेगळे काय करील?) डोक्याभोवतीचे संकेतग्राहक वेष्टन नवजात बाळाच्या मापाचे बनविले होते. सुमारे १९ मिनिटांत ३०० प्रतिमासंच घेतले जात. नवजात मेंदूत पाण्याचे प्रमाण अधिक असल्याने मापनाच्या तीव्रताही त्यास अनुरूप अशा ठरविल्या होत्या.

हवेच्या पोकळ्यांजवळ, म्हणजे कपाळामागे व कानांलगत, प्रतिमा ताणल्या जातात. त्यासाठी तीच प्रतिमा उलट दिशेने वाचून दोहोंच्या तुलनेने मूळ आकार काढतात. जेस्पर अँडरसन व सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेली ही रीत आज सर्वत्र रूढ आहे. हललेले थर संगणक शेजारच्या मापनांवरून भरून काढतो खरा. पण फारच थर गमावले असतील, तर ते संकलन टाकून देणेच प्रामाणिकपणाचे ठरते.

थोड्या मोठ्या मुलांसाठी काही रुग्णालयांत खोटे यंत्र ठेवून आधी सराव करून घेतात. शिक्षकांना हे काम वर्गातही साधेल. ‘स्टॅच्यू’चा खेळ मुलांना ठाऊक असतोच, त्यात यंत्राच्या ठकठक आवाजाची नक्कल मिसळावी. असा सराव झालेल्या पुष्कळ मुलांना गुंगीची गरज भासत नाही. जेथे ती भासते, तेथे भूलतज्ज्ञाची देखरेख अनिवार्य होय आणि त्या दिवशी उपाशी ठेवण्याविषयीच्या डॉक्टरांच्या सूचना काटेकोर पाळाव्यात. गुंगीविना निजवावयाच्या तान्ह्या बाळाची वेळ मात्र, शक्य तर, त्याच्या दूध पिण्याच्या वेळेस धरून मागावी.

पंचायत सदस्यांनी पालकांना आणखी एक गोष्ट सांगावी. बाळाचे वाळे, करदोटा, ताईत, टाचण्या व कपड्यांवरील धातूची बटणे घरीच उतरवून ठेवावीत आणि अंगात कोठे धातूचे उपकरण बसविले असल्यास ते यंत्राच्या खोलीत जाण्यापूर्वीच सांगावे.