महमूद गवान आणि आपली परदेशातली मुले

बिदरच्या मदरशावरून आपण सारे येता-जाता जातो. १४७२ साली तो बांधणारा महमूद गवान इराणातल्या गिलानचा. व्यापारी म्हणून आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. परक्या गुणी माणसाला इथे मान मिळाला, पण तो सुलतानाच्या मर्जीवर. दख्खनी आणि परदेशी सरदारांच्या वैरात त्याच्या शिक्क्याचे बनावट पत्र पुढे आले आणि १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. दाद मागायला जागाच नव्हती.

आज आपली मुले अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर आहेत. आधी तीन वर्षे, वाढवून सहसा सहा. नोकरी गेली, तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. फोनवर मुले हे बोलत नाहीत. आपणही 'घर कधी घेताय?' एवढेच विचारतो. कागदावरचा नियम कडक असला, तरी मर्जीपेक्षा बरा. तो आधी वाचता येतो. तेव्हा तो आपणही समजून घेऊ. आणि या गणपतीत मुलांना सांगू : परत यावे लागले तर त्यात कमीपणा नाही. घराचे दार उघडेच आहे.